शायररला गप्प कोणी केले? बर्लिनने नव्हे!

१/२४
दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाची ओढ असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक असते. कपाटात नसले तर 'घ्यायच्या पुस्तकां'च्या यादीत तरी असतेच. विल्यम शायररचे 'द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइश'. लेखकाविषयी आपल्याला सहसा एवढेच ठाऊक असते : हिटलरच्या बर्लिनमध्ये राहून, नाझी सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून अमेरिकेला बातम्या देणारा रेडिओ वार्ताहर. पुढे तो मायदेशी परतला, त्याने ग्रंथ लिहिला आणि अमर झाला. आजच्या थ्रेडमध्ये मला या गोष्टीशीच भांडायचे आहे.

२/२४
गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. शायररचा मायक्रोफोन बर्लिनमध्ये कोणी हिसकावून घेतला नाही. तिथून तो स्वतः उठून निघाला. मायक्रोफोन गेला तो त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने, न्यूयॉर्कमध्ये. दाढीचा साबण आणि क्रीम विकणाऱ्या एका कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतल्यावर. हे प्रकरण आपण गाळतो, कारण 'तिकडे हुकूमशाही, इकडे स्वातंत्र्य' या आपल्या सुबक चित्रात ते बसत नाही.

३/२४
आधी माणूस ओळखून घेऊ. जन्म १९०४, शिकागो. बालपण आयोवातल्या सीडर रॅपिड्स या गावात. १९२५ मध्ये पदवी घेतली आणि गुरे वाहून नेणाऱ्या बोटीवर काम करत युरोप गाठला. पॅरिसमध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या युरोपीय आवृत्तीत नोकरी लागली. उन्हाळ्यापुरता निघालेला हा तरुण पुढची पंधरा वर्षे बहुतांश परदेशातच राहिला.

४/२४
१९३० मध्ये 'ट्रिब्यून'ने त्याला हिंदुस्थानात पाठवले. सविनय कायदेभंगाची चळवळ ऐन भरात होती आणि गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. त्यांची सुटका जानेवारी १९३१ मध्ये झाली. आयर्विनशी वाटाघाटी चालू असताना दिल्लीत शायरर त्यांना भेटला, आणि पुढे गोलमेज परिषदेच्या वेळी लंडनमध्येही त्यांच्या मागे राहिला. या ओळखीवर त्याने म्हातारपणी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. लक्षात घ्या, तेव्हा तो तारेने बातम्या धाडणारा, छापील वृत्तपत्राचा माणूस होता. रेडिओशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

५/२४
१९३२ हे वर्ष वाईट गेले. आल्प्समध्ये स्कीइंग करताना अपघात झाला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी 'ट्रिब्यून'ची नोकरीही गेली. १९३४ मध्ये हर्स्ट समूहाच्या वृत्तसंस्थेसाठी तो बर्लिनला आला. ऑगस्ट १९३७ मध्ये तीही संस्था बंद पडली. हाताशी काम नाही, पत्नी गरोदर. नेमका त्याच वेळी सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीचा युरोपातला नवा प्रतिनिधी त्याला बर्लिनच्या अ‍ॅडलॉन हॉटेलात जेवायला भेटला. त्याचे नाव एडवर्ड मरो.

६/२४
मरोला वार्ताहर हवा होता. न्यूयॉर्कच्या वरिष्ठांना 'आवाज' हवा होता. शायररचा आवाज रेडिओला साजेसा नव्हता. तो पातळ, कोरडा, काहीसा सपाट होता. आवाजाची चाचणी झाली आणि वरिष्ठांनी नाके मुरडली. मरो हट्टाला पेटला म्हणून नेमणूक झाली. 'रेडिओ पत्रकार म्हणजे भारदस्त आवाज' असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : ज्या दोघांनी अमेरिकेचे रेडिओ वार्तांकन घडवले, त्यांतल्या एकाला आवाजासाठी कोणीच घेतले नसते.

७/२४
नेमणूक तर झाली, पण बोलायचे नाही! कंपनीच्या प्रतिनिधींनी वक्ते मिळवावेत, मुलांच्या गाण्याचे कार्यक्रम ठरवावेत, तांत्रिक जोडणी करून द्यावी. मायक्रोफोनसमोर मात्र दुसऱ्याला बसवावे, असा नियम होता. शिवाय मोठ्या अमेरिकन रेडिओ कंपन्यांनी ध्वनिमुद्रण प्रसारित करण्यास स्वतःच मनाई करून घेतली होती. जे ऐकवायचे ते थेट आणि त्याच क्षणी. युरोप पेटायच्या बेतात होता आणि त्याचे दोन सर्वांत जाणकार साक्षीदार समूहगानाच्या वेळा जुळवत बसले होते.

८/२४
१९३८ च्या मार्चमध्ये हा नियम मोडला. ११ मार्चच्या रात्री ऑस्ट्रियाचे सरकार कोसळले, तेव्हा शायरर व्हिएन्नात होता. पत्नी बाळंतपणातल्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयात होती. शतकातल्या मोठ्या बातम्यांपैकी एक त्याच्या हातात होती आणि नभोवाणी केंद्रावर नाझींचा कबजा. त्याला आत बोलू दिले नाही, संगिनींच्या धाकाने बाहेर काढले. पोलंडमध्ये असलेल्या मरोने फोनवर सुचवले : लंडनला उड, तिथून बोल. शायरर बर्लिनमार्गे लंडनला गेला. मरो त्याच्या जागी व्हिएन्नाला पोहोचला, त्यासाठी एक अख्खे प्रवासी विमान भाड्याने घेऊन.

९/२४
१३ मार्चला न्यूयॉर्कने फर्मावले : आज रात्रीच युरोपच्या राजधान्यांतून अर्ध्या तासाचे एकत्र बातमीपत्र हवे. हाती होते जेमतेम आठ तास आणि वार रविवार. प्रत्येक शहरात बोलणारा माणूस शोधायचा, लघुलहरींची प्रक्षेपण केंद्रे आरक्षित करायची, सगळ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवायची. कारण पॅरिसचा माणूस आपले बोलणे कधी संपवतो हे बर्लिनच्या माणसाला ऐकू येईलच याची खात्री नव्हती.

१०/२४
न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ, लंडनमध्ये मध्यरात्रीनंतरचा एक. लंडनहून शायरर, पॅरिसहून एडगर मॉवरर, बर्लिनहून पिएर हस, व्हिएन्नाहून मरो. रोमची जोडणी जमली नाही, तेव्हा तिथल्या वार्ताहराने फोनवर मजकूर सांगितला आणि तो शायररने लंडनमधून वाचला. घराघरांत आज दिसणारी 'आता जाऊ या आमच्या प्रतिनिधीकडे' ही पद्धत त्या रात्रीच्या धावपळीतून रूढ झाली. तिच्यामागे तंत्रज्ञान होते, त्याहून जास्त दोन थकलेल्या माणसांची टेलिफोनवरची वणवण होती.

११/२४
आता येऊ 'नाकावर टिच्चून' या प्रसिद्ध भागाकडे. युद्ध सुरू झाल्यावर बर्लिनहून प्रक्षेपण करायचे तर संहिता आधी तीन सेन्सॉरांपुढे ठेवावी लागे : परराष्ट्र खात्याचा, प्रचार खात्याचा आणि लष्करी मुख्यालयाचा. तिघांच्या लाल पेन्सिलींतून जे वाचेल तेवढेच बोलायचे. बोलतानाही समोर कोणीतरी संहिता घेऊन बसलेला असे; शब्द इकडचा तिकडे झाला की खटका बंद.

१२/२४
शायररने वाट काढली ती सुरांतून. अधिकृत निवेदन वाचताना आवाजाला उपरोधाची किंचित धार, एखादा जास्त लांबलेला विराम, ब्रिटिश इंग्रजीवर वाढलेल्या सेन्सॉरला न कळणारी अमेरिकन बोली. कागदावर सारे निर्दोष, कानावर मात्र वेगळे. वाचणाऱ्याला न सापडणारे ऐकणाऱ्याला सापडावे, ही रेडिओचीच खासियत त्याने शस्त्रासारखी वापरली. इथपर्यंतची कौतुके मला मान्य आहेत.

१३/२४
पण २२ जून १९४० ची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली जाते, ती मान्य नाही. काँपियेन्यच्या जंगलात, १९१८ च्या युद्धबंदीच्या त्याच रेल्वे डब्यात फ्रान्सने सही केली आणि शायररच्या आवाजाने ती बातमी अधिकृत घोषणेच्या काही तास आधी अमेरिकेत पोहोचवली. यात सेन्सॉरला चकवण्याचा पराक्रम नव्हता. त्याचे बोलणे बर्लिनमध्ये नुसते मुद्रित करून ठेवायचे होते; तिथल्या कोणाच्या तरी चुकीने ते थेट लघुलहरींवर गेले. बाकीचे वार्ताहर बर्लिनकडे वळले असताना तो तिथे थांबला, हे त्याचे कर्तृत्व. उरलेले नशीब.

१४/२४
माझ्या मते बर्लिनमधली त्याची सर्वांत मोठी कृती कोणत्याही प्रक्षेपणात नाही. ती प्रक्षेपण थांबवण्यात आहे. १९४० च्या शरदात सेन्सॉर शहाणे झाले. अमेरिकन बोली जाणणारे लोक नेमले गेले, उपरोधाच्या जागा बुजल्या. उरली ती नाझी निवेदने, अमेरिकन उच्चारांत. श्रोत्याला वाटणार की आपला माणूस तिथून खरे सांगतो आहे, आणि त्याच विश्वासाच्या जोरावर खोटे आत शिरणार. आपल्याविरुद्ध हेरगिरीचे प्रकरण रचले जात असल्याची कुणकुणही लागली होती. डिसेंबर १९४० मध्ये त्याने बर्लिन सोडले.

१५/२४
जाताना रोजनिशीची बाडे बाहेर काढायची होती. त्याने वर सेन्सॉरचे शिक्के असलेल्या संहिता रचल्या, खाली रोजनिशी ठेवली आणि गेस्टापोकडूनच पेट्यांवर मोहोर करून घेतली. १९४१ मध्ये 'बर्लिन डायरी' आली आणि प्रचंड खपली. एक सावधगिरी मात्र हवी : मूळ नोंदी आणि छापील मजकूर यांत फरक आहेत, छपाईपूर्वी पुष्कळ फेरलेखन झाले आहे, हे अभ्यासकांनी नंतर दाखवले. 'रोजनिशी आहे, म्हणजे त्या दिवशीचे जसेच्या तसे' असे समजून तिच्यातले उतारे पुढे ढकलू नका.

१६/२४
आणि आता गाळलेले प्रकरण. अमेरिकेतल्या खासगी रेडिओचे अर्थकारण तेव्हा असे होते की कंपनी एखादी वेळ विकत घेई आणि तो कार्यक्रम तिच्या नावाने चाले. रविवारचे शायररचे बातमी-भाष्य जे. बी. विल्यम्स या दाढीच्या साबणवाल्यांच्या पैशांवर चालत होते. मार्च १९४७ मध्ये त्यांनी हात आखडला. सीबीएसने ती वेळ शायररकडून काढून जोसेफ हार्शला दिली. ३० मार्चला शायररने शेवटचे भाष्य केले आणि राजीनामा दिला. तेव्हा वार्ताविभागाची सूत्रे ज्या उपाध्यक्षाच्या हाती होती, तो होता एडवर्ड मरो.

१७/२४
महिना कोणता, तेही पाहा. १२ मार्च १९४७ ला ट्रूमनने ग्रीस-तुर्कस्तानला मदत मागणारे भाषण केले. २१ मार्चला सरकारी नोकरांच्या निष्ठेची चौकशी करण्याचा आदेश काढला. शीतयुद्धाचे दार उघडत होते आणि शायरर त्या धोरणावर टीका करत होता. त्याचे म्हणणे : माझे विचार नकोसे झाले. कंपनीचे म्हणणे : श्रोते घटले होते, शायरर पूर्वीइतके कष्ट घेत नव्हता. लेखक-कलावंतांनी निषेध नोंदवला, कंपनीच्या दारात निदर्शने झाली. आणि १९४६ च्या कामासाठी रेडिओतला मानाचा पीबडी पुरस्कार याच 'कष्ट न घेणाऱ्या' माणसाला मिळाला!

१८/२४
कोण खरे? दोन्ही बाजूंत तथ्य असू शकते, आणि माझा मुद्दा त्या निवाड्यावर टेकलेला नाही. कंपनीची बाजू अक्षरशः खरी धरली, तरी एवढे उरतेच : देशाने परराष्ट्रधोरणावर काय ऐकावे, याचा पहिला निर्णय साबण विकणाऱ्याच्या जाहिरात खात्यात झाला, आणि पत्रकारितेच्या संस्थेने तो नाकारला नाही. बर्लिनमध्ये लाल पेन्सिल निदान डोळ्यांना दिसत होती.

१९/२४
शायरर १९४९ पर्यंत म्युच्युअल या दुसऱ्या कंपनीवर बोलला. जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' ही पुस्तिका निघाली : नभोवाणी-दूरचित्रवाणीतल्या १५१ लोकांची, 'कम्युनिस्टांशी जवळीक' सुचवणारी यादी. शायररचे नाव तिच्यात होते. खटला नाही, आरोपपत्र नाही, बंदीहुकूम नाही. फक्त काम मिळेनासे झाले. तो महाविद्यालयांत व्याख्याने देऊन घर चालवू लागला. हिटलरविरुद्ध सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या अमेरिकन आवाजांपैकी एक, आणि त्याच्याच देशात त्याला मायक्रोफोन नाही.

२०/२४
मग मरो खलनायक? इतक्या सोप्या वाटणीलाही माझा विरोध आहे. त्याच मरोने ९ मार्च १९५४ ला दूरचित्रवाणीवर सिनेटर मॅकार्थीला उघडे पाडले. पुढच्याच वर्षी त्या कार्यक्रमाचा प्रायोजक, अ‍ॅल्युमिनियम बनवणारी अल्कोआ कंपनी, बाजूला झाला. १९५८ मध्ये कार्यक्रम संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोत त्याने आपल्याच व्यवसायाला खडे बोल सुनावले, की हे साधन नफ्यापायी करमणुकीत बुडते आहे. ते भाषण आज आपण गौरवाने आठवतो. शायररला हा धडा अकरा वर्षे आधी मिळाला होता, तेव्हा मरो टेबलाच्या पलीकडे बसला होता.

२१/२४
बेकारीच्या त्या वर्षांतच ग्रंथ आकाराला आला. जप्त केलेले जर्मन दस्तऐवज, न्यूरेंबर्ग खटल्यांचे पुरावे, स्वतःच्या नोंदी. १९६० मध्ये बाराशेंहून अधिक पृष्ठे, १९६१ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड. मराठी वाचकाला नाझी कालखंड भिडला तो वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'मधून. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला शायररमधून. पण हाही अखेरचा शब्द नव्हे. ल्यूथरपासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढण्याच्या त्याच्या सवयीवर इतिहासकारांनी तेव्हाच कडक टीका केली. साक्षीदार असणे ही मोठी पात्रता आहे. इतिहासाची शिस्त ही वेगळी गोष्ट.

२२/२४
आक्षेप ऐकू येतो : 'नाझी राजवट आणि साबणाची जाहिरात एका तागडीत?' मुळीच नाही. जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्कीला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि छळछावणीतल्या हालांनी पोखरलेला तो १९३८ मध्ये नाझींच्या पहाऱ्यातच मेला. शायररला अमेरिकेत कोणी हात लावला नाही. त्याने ग्रंथ लिहिला, सन्मान मिळवले. दोन्ही व्यवस्थांतला फरक जीवन-मरणाचा आहे. म्हणूनच म्हणतो, त्या फरकाचा आडोसा घेऊ नका. 'तिथे मारतात' हे 'इथे कामावरून काढतात' याचे उत्तर होऊ शकत नाही.

२३/२४
दुसरा आक्षेप : 'मग रेडिओ सरकारकडे द्यावा.' ते आपण पाहिले आहे. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीनेच ऐकवली, आणि विरोधाचा सूर तिच्यावर उमटला नाही. खासगी एफएम वाहिन्यांना २०११ च्या धोरणाने मुभा दिली ती आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्याची, स्वतःची बातमी देण्याची नव्हे. तेव्हा मालक सरकार असो वा साबणवाला, ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोणाचा? कात्री कोणाची? आणि कात्री चालली हे मला सांगितले का?

२४/२४
१९६४ मध्ये कर्करोगाने खंगलेल्या मरोने शायररला आपल्या शेतावर बोलावले. जुना विषय शायररने निघू दिला नाही. पुढच्या वर्षी मरो गेला. शायरर १९९३ पर्यंत जगला; ती जखम शेवटपर्यंत ओली राहिली. तेव्हा पुढच्या वेळी त्या जाड ग्रंथाचा फोटो टाकून कोणी 'हिटलरला न घाबरलेला पत्रकार' असे लिहिले, तर खाली नम्रपणे एक तारीख लिहा : ३० मार्च १९४७. आणि विचारा, त्या दिवशी तो कोणाला घाबरला नव्हता?